सांधा कोणता, बाजू कोणती?

(जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व अभिलेखपाल यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने माहिती अधिकारी असल्यामुळे माझा संबंध येतो तो शब्दांशी. म्हणून आज मी रोगापेक्षा रोगाची नोंद करणाऱ्या शब्दाविषयी बोलणार आहे. हा शब्द चुकला की औषध चुकण्याचा संभव असतो, आणि शासनापुढे जाणारा आकडा तर हमखास चुकतो.

'संधिवात' हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील शब्द घ्या. गुडघा धरला तरी संधिवात आणि बोटे सुजली तरी संधिवातच. परंतु या एका शब्दाच्या पोटात किमान दोन भिन्न विकार दडलेले आहेत. एकात सांध्यातील कूर्चा झिजते. डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, आपण त्यास अस्थिसंधिवात म्हणू. दुसऱ्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो आमवात. पहिल्यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, तर दुसऱ्यात तो तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. आमवातावरील काही औषधे सुरू केल्यावर वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. अस्थिसंधिवाताचा भर मात्र व्यायाम, वजनावर नियंत्रण, वेदनाशमन आणि प्रसंगी शस्त्रक्रिया यांवर असतो.

आता एक उदाहरण कल्पून पाहू. भातलावणीत उभे आयुष्य गेलेली एक अठ्ठावन्न वर्षांची बाई आपल्या दारी येते. तिचे दोन्ही गुडघे दुखतात, उजवा खुबा धरतो, बोटांच्या टोकांच्या सांध्यांवर गाठी आल्या आहेत. गर्दीच्या वेळी केसपेपरवर दोनच शब्द उमटतात : 'संधिवात. गोळ्या.' सायंकाळी तो कागद अभिलेखपालाच्या टेबलावर येतो. त्याने कोणता संकेतांक द्यावा? नुसती सांधेदुखी म्हणून एम २५.५? अनिर्दिष्ट संधिदाह म्हणून एम १३.९? की आमवात समजून एम ०६.९? यांपैकी कोणताही अंक वहीत शोभून दिसेल. पण त्या बाईची खरी अवस्था एकातही उतरणार नाही. आणि शेवटचा अंक पडला, तर पुढच्या रुग्णालयात ती नसलेल्या आजाराची रुग्ण म्हणून उभी राहील.

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अशा रुग्णांसाठी एम १५ हा स्वतंत्र गट आहे. एकाहून अधिक ठिकाणच्या सांध्यांचा अस्थिसंधिवात त्यात येतो. एम १५.० म्हणजे प्राथमिक सार्वदेहिक प्रकार. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवरील गाठींना हेबर्डेन या इंग्रज वैद्याचे नाव असून त्यांचा अंक एम १५.१ आहे. मधल्या सांध्यांवरील गाठींना बूशार या फ्रेंच वैद्याचे नाव असून त्यांचा अंक एम १५.२ आहे. एम १५.३ हा दुय्यम, एम १५.४ हा हाडे झिजविणारा, तर एम १५.९ हा अनिर्दिष्ट प्रकार होय.

येथे एक चूक वारंवार घडते. दोन्ही गुडघे दुखतात म्हणजे 'अनेक सांधे' झाले, असे वाटून एम १५ लिहिला जातो. वर्गीकरणाचा नियम तसा नाही. एकाच जातीचे दोन्ही बाजूंचे सांधे बिघडले असतील, तर तो विकार त्या सांध्याच्याच गटात राहतो : खुब्यासाठी एम १६, गुडघ्यासाठी एम १७. दोन्ही गुडघ्यांचा प्राथमिक विकार एम १७.० होतो. गुडघ्याच्या जोडीला खुबा किंवा बोटे आली, की मग एम १५. पाठीच्या कण्याची झीज या साऱ्यांहून निराळी. तिची जागा एम ४७.

दुसरी गोष्ट कारणाची. 'प्राथमिक' याचा अर्थ मूळ कारण म्हणून दुसरा कोणताही विकार आढळला नाही, असा आहे. जुना अस्थिभंग वा अन्य आजार कारणीभूत असेल, तर तो दुय्यम. हा निर्णय डॉक्टरांचा. अभिलेखपालाने तो तर्काने करू नये. शंका आल्यास कागद परत पाठवावा, आणि डॉक्टरांनीही त्यात कमीपणा मानू नये.

तिसरी गोष्ट बाजूची. दहाव्या आवृत्तीच्या मूळ संकेतांकात एका गुडघ्याची नोंद होते, पण तो उजवा की डावा हे कळत नाही. म्हणून ते शब्दांत लिहिणे अपरिहार्य आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर या एका शब्दाचे मोल काय असते, हे आपणांस मी सांगावयास नको.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १८९३ साली बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने ती जबाबदारी घेतली आणि मृत्यूबरोबर आजारांचीही गणना सुरू झाली. मृत्यू मोजणे त्या मानाने सोपे. अस्थिसंधिवाताने माणूस सहसा मरत नाही. तो जिना चढेनासा होतो, शेतात बसू शकत नाही, हळूहळू घरात अडकतो. असे दुःख मृत्यूच्या नोंदवहीत कधीच दिसत नाही. ते दिसेल तर आपल्याच केसपेपरवर. तालुक्याला व्यायामोपचारतज्ज्ञ हवा की नको, सांधारोपणाची सोय कोठे करावी, हे प्रश्न अशा नोंदींवरच ठरावयाचे आहेत. सारे रुग्ण 'अनिर्दिष्ट' या रकान्यात गेले, तर गरज असूनही ती कोणाला दिसणार नाही.

१ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती अंमलात आली आहे. तीत उजवी-डावी बाजू जोडसंकेताने दर्शविण्याची सोय आहे. परंतु आवृत्ती कितीही सुधारली, तरी कागदावर जे लिहिलेलेच नाही ते कोणताही संकेतांक सांगू शकणार नाही.

म्हणून माझी विनंती इतकीच की, प्रत्येक केसपेपरवर पाच गोष्टी याव्यात : कोणते सांधे, कोणती बाजू, प्राथमिक की दुय्यम, निदान कशाच्या आधारे केले, आणि रुग्ण सध्या कोणत्या वेदनाशामक गोळ्या घेत आहे. शेवटची नोंद विसरू नका. अशा कित्येक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय करू शकतात, आणि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर हे अधिकच जपावयास हवे.

दोन ओळी अधिक लिहाव्या लागतील, हे खरे. पण ती बाई चार मैल चालून, दुखऱ्या गुडघ्यांनी आपल्या रांगेत उभी राहिलेली असते. तिच्यासाठी तेवढे कष्ट आपण घेऊ या.