वेळ साधण्याचे इंग्रजी शब्द

काही वर्षांपूर्वी इंग्रजीच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, ‘ऑपॉर्च्युनिटी’ म्हणजे संधी, हे पाठ आहे. पण त्या शब्दात ‘पोर्ट’, म्हणजे बंदर, कशाला येऊन बसले आहे?”

प्रश्न नेमका होता. लॅटिन भाषेत ‘पोर्टुस’ म्हणजे बंदर. जहाजाला बंदराकडे घेऊन जाणारा वारा तो ‘ऑपोर्टुनुस’ वारा. त्यावरून इंग्रजीत ‘ऑपॉर्च्यून’ म्हणजे समयोचित आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ म्हणजे संधी. हा शब्द शिडाच्या जहाजांच्या काळातला आहे, हे ध्यानात घ्या. वाऱ्याला हुकूम सोडता येत नाही. पण तो सुटेल तेव्हा शीड आणि दोर तयार असणे, एवढे खलाशाच्या हाती असते. याच घराण्यातला उलट अर्थाचा शब्द ‘इंपॉर्च्यून’. त्याचा मूळ रोख गैरसोयीचा, अवेळी, असा. आज त्याचा अर्थ झाला आहे, मागणी करून करून एखाद्याचा पिच्छा पुरवणे!

आता ‘टाइड’ घ्या. टाइम आणि टाइड कोणासाठी थांबत नाहीत, ही म्हण आपण शाळेत शिकलो, आणि डोळ्यांपुढे भरतीचे पाणी आणले. पण जुन्या इंग्रजीत ‘टीड’ म्हणजे केवळ काळ, समय. समुद्राच्या भरती-ओहोटीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. नीटनेटका या अर्थाचा ‘टायडी’ हा शब्दही त्यातूनच निघाला. प्रथम त्याचा अर्थ होता, योग्य वेळी झालेले. जे वेळेवर झाले ते चांगले, आणि चांगले ते नीटनेटके, असा हा प्रवास. आपल्याकडेही तसेच नाही का? संस्कृत ‘वेला’ म्हणजे काळ, आणि समुद्राचा किनारा व भरतीही. आपली ‘वेळ’ तिथूनच आली.

‘पंक्च्युअल’ हा शब्द मात्र समुद्रावरचा नाही. लॅटिन ‘पुंक्टुम’ म्हणजे टोचल्याने पडलेला ठिपका. वक्तशीर माणूस तो, जो बरोबर त्या ठिपक्यावर हजर होतो.

आता थोडी माणसाच्या स्वभावाची गंमत सांगतो. ‘सून’ म्हणजे लवकरच, असे आपण भाषांतर करतो. जुन्या इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ होता, ताबडतोब! ‘प्रेझेंटली’ या शब्दाचीही तीच गत. त्याचाही अर्थ एके काळी, आत्ताच्या आत्ता, असा होता. लोक ‘आत्ता करतो’ म्हणत राहिले आणि उशिरा करीत राहिले. अखेर शब्दच ढिला पडला. आपले ‘हा आलोच’ म्हणणारे आठवून पाहा.

यात हसण्यासारखे असले, तरी मला तितकेसे हसू येत नाही. ज्याने बंदराविषयी विचारले, त्याच विद्यार्थ्याने पुढे नोकरीच्या अर्जासाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागितले. मी म्हणालो, “लवकरच देतो.” पत्र मोठे नव्हते. अर्ध्या तासाचे काम. आज लिहू, उद्या लिहू, असे करता करता एके दिवशी ते लिहून मी त्याच्या हाती ठेवले. त्याने ते घडी घालून खिशात ठेवले आणि हळूच म्हणाला, “सर, मुदत काल संपली.”

मराठीत ‘वेळ’ पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. माझ्याजवळ वेळ पुष्कळ होता. त्याची वेळ मात्र निघून गेली होती. व्युत्पत्ती सांगणारा मी. वारा सुटला तेव्हा दोर माझ्या हातात होता, आणि मी तो सोडला नाही.

तेव्हापासून मी कोणाला ‘लवकरच’ म्हणत नाही. तारीख सांगतो, आणि त्याच्या देखत वहीत लिहून ठेवतो. तुम्हालाही कोणी असे काही मागितले असेल, आणि तुम्ही ‘बघू’ म्हणाला असाल, तर आज ते काम हाती घ्या. त्या माणसाचे जहाज कदाचित तेवढ्यासाठीच थांबले असेल.