अंगठा गेला, वाचन कुठे आहे?
(गारगोटी येथील कामगारांच्या सभेतील भाषण)



पगाराचे आणि पाळीचे बोलायचेच आहे, पण आधी पोरांचे बोलू. आमच्यातल्या एकाची पोरगी, पहिलीतली. बाप पाळीवरून आला तेव्हा अंगणात बसून धडा घडाघडा म्हणत होती. बापाला कौतुक वाटले. जवळ जाऊन बघतो तर पान भलतेच उघडलेले! एका शब्दावर बोट ठेवून त्याने विचारले, "हा कुठला गं?" पोरगी गप्प. धडा पाठ होता, अक्षर ओळखीचे नव्हते.

बंधूंनो, हा अंगठाच आहे. फक्त शाई लागत नाही.

आमचे आजे आणि बाप या डोंगरातून मुंबईच्या गिरण्यांत गेले. मराठी राज्यासाठी गिरणी कामगाराने रक्त सांडले. 1 मे 1960 ला राज्य आले. 1964 ला कारभार मराठीत चालावा असा कायदा झाला. आणि 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, हिशेबाचे कागद समोर आले, तेव्हा आमच्या कित्येक माणसांनी सही तर केली, पण वर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारून! भाषा आपली, राज्य आपले, कागद मात्र परका. शाहू महाराजांनी 1917 साली या करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले ते एवढ्या सहीपुरते नव्हे.

मग पोराला वाचायला शिकवायचे कसे? आम्ही चौथी शिकलेली माणसे, मास्तर नव्हे. पण साच्यावर नवा माणूस आला की त्याला आपण पहिल्याच दिवशी सगळे खाते पाठ करायला लावतो का? एक काम हातात देतो, ते जमले की दुसरे. अक्षराचे तसेच आहे. 34 व्यंजने, प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपे, म्हणजे 408. एवढे ओझे एकदम टाकले तर पोर सुरात म्हणेल, वाचणार नाही.

म्हणून जुन्या मास्तरांनी ग म भ न आधी घेतले. चारींना शेवटी उभी दांडी, हाताला सोपी. आणि या चारातच शब्द होतात: मन, नग, मग. हा 'मग' बघा. गोष्ट सांगताना पोर दर घटकेला विचारतं, "मग?" तेच मातीत बोटाने लिहून दाखवा. आपल्याच तोंडातला शब्द जमिनीवर बघून पोर कसं हसतं, ते एकदा बघाच. पुढे एक काना द्या. मामा आला, नाना आला, नाग आला. चार अक्षरे आणि एक काना, एवढ्यात अर्धे घर वाचून होते.

दुसरे, पोर "पानी" म्हणाले तर लगेच "अशुद्ध!" म्हणून खेकसू नका. आमच्यातल्या किती जणांची जीभ त्या एका शब्दाने शाळेत कायमची बसली! आधी त्याला बोलू द्या. 'पाणी' कसे लिहितात ते वाचता वाचता कळते.

बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी काढली. गरिबाची पोरं शाळेकडे येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. महागडी खेळणी नव्हती. शंख-शिंपले, बिया, खडे, जे सापडेल ते घेतले. आपल्या गारगोटीतही जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभे केले, खेड्यातल्या माणसासाठी. तेव्हा "आमच्याकडे साधन नाही" हे आम्हाला कुणी सांगू नये.

आता इंग्रजी शाळेचे. कर्ज काढून फी भरणारे इथेच बसलेत. आम्ही इंग्रजीच्या विरुद्ध नाही, पोरांना ती आलीच पाहिजे. पण ज्या भाषेत पोर भांडतं, रडतं, स्वप्न बघतं, तीत वाचायला येण्याआधी दुसरी घोकून घेतली, तर पुन्हा तोच न उघडलेला धडा. सरकारनेही 2021 च्या निपुण भारत योजनेत तिसरीपर्यंत पोराला समजून वाचता यावे असे म्हटले आहे. म्हटले आहे, तर मागा! शाळेत जा, मास्तरांशी भांडायला नव्हे, विचारायला: आमचं पोर धडा म्हणतंय का वाचतंय?

आणि घरी दहा मिनिटे. रातपाळीवाल्यांनी संध्याकाळी निघण्याआधी, दिवसपाळीवाल्यांनी जेवणानंतर. ज्याला स्वतःला वाचता येत नाही त्याने गोष्ट सांगावी आणि पोराकडून चार शब्द लिहून घ्यावेत. त्यात लाज कसली? रविवारी युनियनच्या खोलीत पाट्या ठेवतो आहोत. पोरांना घेऊन या, आणि घरात जुनी गोष्टींची पुस्तके असतील तर तीही आणा. पहिल्या रविवारी ग म भ न घेऊ.

आता पगाराचे.