नियम बदलला, साठा तोच



 पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत रक्तपेढीवाला स्वागताध्यक्ष कसा, असं काहींच्या मनात आलं असेल. विष्ठारोपण, म्हणजे निरोगी दात्याची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात पोचवणं, म्हटलं की दाता आलाच, म्हणून मला उभं केलं असावं. विषय ऐकून घरी नाकं मुरडली गेली, ते सोडा. क्लॉस्ट्रिडियमच्या पुन्हापुन्हा उलटणाऱ्या जुलाबांवर हा उपाय चालतो. 2013 च्या डच चाचणीत 16 पैकी 13 रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसत्या व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकावर 13 पैकी 4.

मला बोलायचंय ते बोस्टनबद्दल. तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने नोव्हेंबर 2018 मध्ये एका दात्याच्या विष्ठेच्या कॅप्सूल करून गोठवून ठेवल्या. जानेवारी 2019 मध्ये दात्यांसाठी ईएसबीएल, म्हणजे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची चाचणी सुरू झाली. नवे दाते तपासले जाऊ लागले. फ्रीझरमधल्या जुन्या कॅप्सूल तशाच राहिल्या. त्याच पुढे प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या दोन रुग्णांना दिल्या गेल्या. एकाला सिरॉसिस, दुसऱ्यावर रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण व्हायचं होतं. दोघांच्याही रक्तात दात्याचा ईएसबीएल ई. कोलाय सापडला. दुसरा रुग्ण दगावला.

म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा उपचार बंदच करायचा का? माझं मत, नाही. 2014 मध्ये अशा 80 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेकांचा आजार आटोक्यात आला. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशननेही 2024 मध्ये वारंवार होणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमच्या संसर्गासाठी, प्रतिकारशक्ती सौम्य ते मध्यम प्रमाणात खालावलेल्यांना वाट मोकळी ठेवली. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्यांना मात्र नको म्हटलं. ही रेघ मला पटते.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. इथे धडधाकट माणसांच्या आतड्यातही ईएसबीएल जंतू सर्रास असतात. बोस्टनचा तो दाता आपल्या रांगेत पहिलाच उभा असेल! निरोगी दिसणं हा निकष इथे कुचकामी आहे.

रक्तपेढीत दात्यात दोष निघाला की त्याच्या आधीच्या पिशव्यांचाही आम्ही माग काढतो. दुपारी आपण विष्ठारोपणाच्या नियमांचा मसुदा चर्चेला घेणार आहात. त्यात एवढं घालाच, ही माझी विनंती: नवी चाचणी लागू होईल त्या दिवशी जुना साठा एकतर तपासावा, नाहीतर नष्ट करावा.