लाकूड टिकविणारी औषधे आणि आपण
(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पगार, बोनस, पेन्शन हे विषय आज बाजूला ठेवून आम्ही लाकडाविषयी बोलणार आहोत. रेल्वेतल्यांना लाकडी स्लीपर ठाऊक आहेत. टपाल खात्यातल्या जुन्या मंडळींना १९८५ पूर्वीचे एकत्र डाक-तार खाते आठवत असेल. तारेचे खांब त्याच खात्याचे. उघड्यावरचे लाकूड वर्षानुवर्षे टिकते ते आपोआप नव्हे. त्याला औषध पाजावे लागते.

लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजते. लाकडात ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशीचे तंतू आत शिरतात आणि लाकूड खाऊ लागतात. म्हणून खांब जमिनीलगत सडतो आणि स्लीपर खिळ्याच्या भोकापाशी.

१८३८ साली इंग्लंडात जॉन बेथेल यांनी लाकडात दाबाने क्रिओसोट भरण्याचे पेटंट घेतले. क्रिओसोट म्हणजे कोळशाच्या डांबरातून निघणारे तेल. आपल्याकडे पंजाबात ढिलवान येथे स्लीपरना ते पाजण्याचा कारखाना होता. १९३३ च्या सुमारास डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या भारतीय संशोधकाने तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. ‘अ‍ॅस्कू’ नावाने ते देशाबाहेरही गेले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम दोन्हींना लाकडात पक्के धरून ठेवते.

औषध चालते की नाही, हे कसे ठरते? लाकडाचे छोटे ठोकळे वाळवून वजन करतात. काहींना कमी, काहींना जास्त औषध पाजतात, काही कोरेच ठेवतात. मग बुरशी वाढविलेल्या बरणीत काही आठवडे ठेवून पुन्हा वाळवून तोलतात. घटले तेवढे बुरशीने खाल्ले. काही ठोकळे आधी पाण्यात भिजवितात, कारण पावसात धुऊन जाणारे औषध बाहेरच्या कामाचे नाही. शेवटी खुंट जमिनीत पुरून वर्षानुवर्षे तपासतात. या जागेला शास्त्रज्ञच ‘कबरस्तान’ म्हणतात.

या कसोटीत तोलले जाते ते लाकूड. औषध ओतणारा, ओला स्लीपर खांद्यावर वाहणारा गँगमन त्या तराजूत कुठे आहे? क्रिओसोट अंगाला लागून ऊन पडले की कातडी भाजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगाचे संभाव्य कारण मानले आहे. आर्सेनिकाबाबत तर संशयच उरलेला नाही. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडासाठी हे आर्सेनिकचे मिश्रण उत्पादकांनी बंद केले. युरोपात २००४ पासून त्यावर कडक बंधने आली.

लाकूड टिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. स्लीपर जास्त टिकला तर झाडे वाचतात आणि गाडीही सुरक्षित धावते. पण पर्याय आहेत. आर्सेनिकच्या जागी बोरॉन घातलेले मिश्रण आहे. पावसात न भिजणाऱ्या सॉर्टिंगच्या रॅकला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड पुरते.

आता रुळाखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीट आले, म्हणून प्रश्न संपला असे समजू नका. जुने स्लीपर अजून आहेत. कोणी चौकट करतो, कोणी चुलीत घालतो. औषध पाजलेले लाकूड जाळले की विषारी धूर होतो आणि आर्सेनिक राखेत उरते. त्या चुलीपाशी आपल्याच घरच्या बायका-मुले बसतात.

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये सुधारणा होऊन धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. हा हक्क भोपाळच्या मृतांनी मिळवून दिलेला आहे; तो सोडावयाचा नाही. म्हणून प्रत्येक शाखेने चार मागण्या लेखी द्याव्यात :

१. लाकडाला कोणते औषध दिले आहे, ते कामगाराला त्याच्या भाषेत सांगावे.
२. हातमोजे, साबण व पाणी कामाच्या जागीच मिळावे.
३. हे काम करणाऱ्यांची, कंत्राटी कामगारांसह, नियमित वैद्यकीय तपासणी व्हावी.
४. जुने स्लीपर सरपण म्हणून कोणालाही देऊ नयेत.

पहिली मागणी आधी पदरात पाडून घ्या. औषधाचे नाव कळले की पुढचे भांडण नेमके करता येते.

कामगार एकजुटीचा विजय असो!