पोथी आणि पाषाण
(खंडाळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



बायबल आणि आधुनिक विज्ञान यांचा संबंध हा विषय खंडाळ्यासारख्या ठिकाणी निघाला की, हा तर युरोप-अमेरिकेतला वाद, त्याचे येथे प्रयोजन काय, अशी शंका साहजिकच निघते. वास्तविक हा वाद पावणेदोनशे वर्षांपूर्वीच मराठी मुलुखात येऊन पोहोचला होता. त्याचा निवाडा ज्यांनी सर्वांत निर्भयपणे केला, त्या जोतीराव फुल्यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई याच तालुक्यातील नायगावच्या.

१८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केला. ख्रिस्ती धर्माबरोबरच खगोल, भूगोल असे विषयही त्यातून मराठी वाचकापुढे येऊ लागले. त्या काळच्या मिशनऱ्यांची युक्ती उघड होती. मेरूपर्वत, दुधातुपाचे समुद्र, सूर्याला गिळणारा राहू या पुराणातल्या कथा भूगोलाच्या एका तासाने कोसळतात. त्या कोसळल्या की श्रोता बायबलाकडे वळेल, ही अपेक्षा. ग्रहणाचे गणित या देशातल्या सिद्धान्तज्योतिषाला शतकानुशतके ठाऊक होते, ही गोष्ट त्या भरात मागे पडली. तथापि शाळकरी पोरापर्यंत ते ज्ञान पोहोचले ते या शाळांमुळे, आणि तेही जातीची अट न घालता. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

प्रश्न निराळाच आहे. जी कसोटी पुराणांना लावली, ती उत्पत्तीच्या पुस्तकाला लावली काय? आर्चबिशप अशर याने सतराव्या शतकात बायबलातील वंशावळी मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरविला, आणि पुढे हा आकडा इंग्रजी बायबलाच्या समासात छापला जाऊ लागला. 'ज्ञानोदय' निघाला तेव्हा लायेलचा भूगर्भशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध होऊन दशक उलटत आले होते आणि सहा हजार वर्षांचा हिशेब जाणत्या वर्तुळात मोडीत निघत होता. मेरूपर्वताची खिल्ली उडविणाऱ्यांपैकी किती जणांनी ही वार्ता त्याच उत्साहाने मराठी श्रोत्यापुढे ठेवली असती, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

याला एक उमदा अपवाद होता, आणि तोही दख्खनच्या पाषाणाशीच निगडित. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. धर्मोपदेश आणि शाळा सांभाळून हा गृहस्थ हातोडी घेऊन टेकड्या हिंडे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या मातीच्या पट्ट्यांतून त्यांनी गोड्या पाण्यातील शिंपले आणि वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष गोळा केले. याचा अर्थ स्वच्छ होता. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडे वाढली, जीव जगले व मेले, आणि मग दुसरा लाव्हा वरून पसरला. हे सहा दिवसांत उरकणारे काम नव्हे. हिस्लॉप यांची श्रद्धा यामुळे ढळली नाही, आणि त्यांनी पुरावाही दडवला नाही. १८६३ साली नदी ओलांडताना ते बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

खंडाळ्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेला काळा कातळ याच दख्खनी लाव्ह्याचा. आज विज्ञान त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे सांगते. अशरच्या कालगणनेच्या दहा हजारपटीहूनही अधिक. रोज एस.टी.ने हा घाट चढणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे कोणी दाखविले असेल?

पुरावा अंगावर आला तेव्हा धर्मपंडितांनी दुसरी वाट काढली. सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा युगे, असा अर्थ लावण्यात आला. ही कसरत मराठी वाचकाला अपरिचित नाही. मत्स्य, कूर्म, वराह हे अवतार म्हणजे डार्विनचा उत्क्रांतिवादच, असे सांगणारे विद्वान येथेही पैशाला पासरी मिळतात. शोध लागेपर्यंत पोथी गप्प असते. शोध लागताच ती 'आम्ही हे आधीच सांगितले होते' म्हणून पुढे येते. अशा पोथीने आजवर एकही नवा शोध लावून दिलेला नाही.

जोतीरावांचे मोठेपण येथे दिसते. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेपासून त्यांनी स्फूर्ती घेतली. म्हणून ते ख्रिस्ती झाले नाहीत, की मिशनऱ्यांचे वैरीही झाले नाहीत. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी अवतारकथांची चिरफाड केली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त मात्र त्यांनी सर्वच धर्मग्रंथांना एक माप लावले: कोणताही ग्रंथ अथपासून इतिपर्यंत सत्य नाही. आणि त्याच पुस्तकात एका घरात बाई बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी असे सुखाने नांदू शकतात, हे चित्रही त्यांनी रंगविले. ग्रंथाची चिकित्सा कठोर आणि माणसाचा आदर पूर्ण, असा हा दुहेरी आग्रह आहे.

दुसरा भाग विसरला की पहिल्याचा दुरुपयोग होतो. बायबलाची चिकित्सा ऐकून आज टाळ्या वाजविणारे काही लोक ती गावातल्या ख्रिस्ती वस्तीवर धोंड्यासारखी फेकू पाहतात. त्या वस्तीतल्या दलिताने बायबल स्वीकारले ते सृष्टीचे वय मोजण्यासाठी नव्हे. माणूस म्हणून कोणी हाक मारली म्हणून. त्याची किंमत तो १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलतींबाहेर राहून मोजत आला आहे. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाल्या त्या शरीरशास्त्राच्या आधाराने, आणि सेवा झाली ती श्रद्धेच्या बळावर. या दोन गोष्टींची गल्लत तेथील डॉक्टरांनी टेबलावर केली नाही.

अमेरिकेत १९२५ साली टेनेसीमध्ये उत्क्रांती शिकविल्याबद्दल शिक्षकावर खटला झाला, याला येथे हसण्याची प्रथा आहे. परंतु २०१८ साली औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्र्यांनीच डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरविला, आणि २०२३ मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. वैज्ञानिक दृष्टिकोन हे १९७६ पासून घटनेत नागरिकाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे, ते राज्यकर्त्यांनाही लागू असावे! राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे प्रकरण आले, आणि तेही पहिलेच. ते वर्गात शिकविले जाते की परीक्षेपुरते गाळले जाते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन विचारावे. आणि शिक्षक तयार असतील, तर मुलांची एक सहल खंबाटकीच्या कातळापर्यंत न्यावी.