दुखऱ्या पाठीची भरपाई



अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता यावल, फैजपूर, सावदा करत आपल्या रावेरमधून जातो. केळीच्या हंगामात त्यावर ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप आणि दुचाकी एकमेकांना खेटून धावतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून पंधरा मजूर दगावले. त्यांतले बहुतेक आपल्याच तालुक्यातले होते. अशा मृत्यूंची बातमी राज्यभर पोहोचते. पण उभ्या किंवा हळू चाललेल्या गाडीला मागून धडक बसते आणि आतल्या माणसाची कंबर कायमची जाते, तेव्हा त्याची कोणी दखलही घेत नाही. रक्त आलेले नसते, हाड मोडलेले नसते. मणक्यांमधली चकती सरकून शीर दाबली गेलेली असते आणि पायात मुंग्या येतात. ‘दिसायला तर धडधाकट आहे’ हे वाक्य अशा माणसाला घरात, बांधावर आणि पुढे कोर्टातही ऐकावे लागते. त्याची भरपाई अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांवर न मोजता त्याच्या हातून गेलेल्या कामावर मोजली पाहिजे, हे मला आज मांडायचे आहे. आपला कायदा नेमके हेच सांगतो. आपण कमी पडतो ते पुरावा उभा करण्यात.

ही भरपाई ठरवते कोण? अमेरिकेत असा दावा बहुधा ज्युरीपुढे चालू शकतो आणि सामान्य नागरिक वेदनेचा आकडा ठरवतात. आपल्याकडे ज्युरी होती ती फौजदारी खटल्यांत, आणि १९५९ च्या नानावटी खटल्यानंतर ती हळूहळू बंद झाली. अपघाताच्या भरपाईसाठी मात्र १९५६ च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणांची सोय झाली. आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करता येतो आणि कलम १६८ प्रमाणे ‘न्याय्य’ वाटेल ती रक्कम न्यायाधिकरण ठरवते. ज्युरीला कारणे द्यावी लागत नाहीत, न्यायाधिकरणाला ती लिहून द्यावी लागतात. म्हणूनच जळगावच्या न्यायाधिकरणाच्या निकालातली चूक उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे दाखवता येते. गरीब अर्जदाराला हीच पद्धत अधिक आधाराची आहे, पण त्यासाठी त्याची बाजू कागदावर आलेली असली पाहिजे.

हिशेब कसा होतो ते पाहू. अडतीस वर्षांचा, महिना १२,००० रुपये कमावणारा केळी वाहणारा मजूर घ्या. वर्षाची कमाई १,४४,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने प्रणय सेठी खटल्यात (२०१७) चाळिशीच्या आतल्या अशा माणसासाठी पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायला सांगितले आणि जखमींनाही ते लागू आहेत हे पप्पू देव यादव खटल्यात (२०२०) स्पष्ट झाले. कमाई झाली २,०१,६०० रुपये. सरला वर्मा खटल्याच्या (२००९) तक्त्यात या वयासाठी वर्षाच्या कमाईला लावायचा गुणक १५, म्हणजे ३०,२४,००० रुपये. आता दाखल्यावर कायम अपंगत्व २० टक्के लिहिले आहे. तेवढेच धरले तर कमाईच्या नुकसानीपोटी ६,०४,८०० रुपये मिळतात. पण वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन वाफ्यातून बांधापर्यंत आणणे हेच ज्याचे काम, त्याची कंबर गेल्यावर उरते काय? कमाईची क्षमता ६० टक्क्यांनी गेली असे पुराव्याने दाखवले, तर तीच रक्कम १८,१४,४०० रुपये होते. औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि वेदनेची भरपाई यांचा हिशेब वेगळा. पाठ तीच, दाखला तोच. फरक पडला तो कामाचे स्वरूप न्यायाधीशांपुढे आले की नाही, यामुळे. राजकुमार खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व घालून दिले. डावा हात गेला तर चालकाची किंवा सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

यावर पहिला आक्षेप असा की, पाठदुखी खोटी सांगता येते आणि त्याचा भुर्दंड विम्याच्या हप्त्यातून सगळ्यांवर पडतो. खोटे दावे होतात, हे मान्य. पण राजकुमार खटल्यातले तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. त्याच खटल्यात पायाच्या ४५ टक्के अपंगत्वाचा दाखला होता आणि न्यायालयाने कमाईचे नुकसान त्याहून बरेच कमी धरले. कामाची कसून चौकशी झाली तर खोटा अर्जदारच आधी उघडा पडतो. दुसरा आक्षेप विमा कंपन्यांचा: चाळिशीनंतर कोणाच्याही एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसतेच, मग अपघाताचा दोष काय? झीज बहुतेकांत असते. तरी अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत जो माणूस घड वाहत होता, त्याचे काम झिजेने थांबवले नव्हते. ते थांबवले धडकेने. तिसरा आक्षेप चुकीबद्दलचा. मागच्या वाहनाने सुरक्षित अंतर ठेवावे हा नियम आहे, म्हणून दोष बहुधा मागच्याचा ठरतो. पण अंधारात दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी असेल, तर तिच्याकडेही दोषाचा वाटा जातो, आणि तो जायलाच हवा.

घरातल्या बाईची पाठ गेली तर ‘उत्पन्न शून्य’ म्हणून तिला वगळता येणार नाही. गृहिणीच्या श्रमालाही उत्पन्न धरावे, असे कीर्ती खटल्यात (२०२१) न्यायालयाने बजावले आहे.

तेव्हा श्रोतेहो, धडक बसली आणि जखम दिसली नाही तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि केसपेपरवर ‘कंबर दुखते, पायाला मुंग्या येतात’ हे शब्द लिहून घ्या. चार दिवसांनी उठलेली कळसुद्धा नोंदवून घ्या. गुन्ह्याची नोंद झाली का, ते पाहा. मजुरीची वही आणि मुकादमाची साक्ष सांभाळून ठेवा, डॉक्टरांना साक्षीला बोलवा आणि अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. वकील मित्रांना माझी विनंती आहे की, टक्क्यांच्या दाखल्यावर थांबू नका. तुमचा पक्षकार दिवसभर काय उचलत होता, किती वाकत होता आणि आता त्यातले काय करू शकत नाही, हे त्याच्याच तोंडून साक्षीत येऊ द्या.