पहिलं सिझर, दुसरं बाळंतपण

फौजेत 34 वर्षं काढलेला माणूस बाळंतपणावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. माझ्या बायकोलाही वाटलं.

आम्ही सिकंदराबादला राहतो. मुलीचं पहिलं सिझर इथंच झालं, 38व्या आठवड्यात, पंचांग पाहून. कळा नव्हत्या, बाळ आडवं नव्हतं, बीपी नीट होतं. डॉक्टरांनी विचारलं, "तारीख ठरवायची का?" मीच पुढे होऊन हो म्हणालो. फौजी माणसाला ठरलेली वेळ आवडते. बाळाला दोन दिवस श्वासासाठी पेटीत ठेवावं लागलं. कळा नसताना 39 आठवड्यांआधी सिझर केलं तर हा त्रास जास्त संभवतो, हे मला नंतर कळलं.

खरी किंमत दुसऱ्या खेपेला मोजली. सोनोग्राफीत वार खाली, जुन्या टाक्यांच्या व्रणावर बसलेली दिसली. अशी वार कधी कधी गर्भाशयाच्या भिंतीत रुतते. ती सुटत नाही, आणि ओढली तर रक्त थांबत नाही. दर सिझरगणिक हा धोका वाढत जातो. रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात गेलो. सहा पिशव्या रक्त लागलं. माझ्या जुन्या पलटणीतली पोरं रात्री रक्त द्यायला धावली. गर्भपिशवी काढावी लागली. मुलगी वाचली, नातही.

मी सिझरच्या विरोधात नाही. नागालँडला असताना एका बाईला गावकऱ्यांनी बांबूच्या डोलीतून आमच्या ठाण्यावर आणलं होतं. दोन दिवस अडलेली. सिझर करणारं जवळ कुणी नव्हतं. बाळ गेलं.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नागालँडमध्ये सिझरचं प्रमाण 5.2 टक्के आहे, तेलंगणात 60.7. देश एकच! लोकसंख्येत हे प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं की मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलंय.

म्हणून तारीख घेण्याआधी विचारा: आज का? थांबलो तर काय होईल? दुसरं मूल हवं असेल तर? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

परवा कपाट आवरताना पहिल्या सिझरची फाइल सापडली. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'पेशंटची मागणी'. मागणी तिची नव्हती.